किती वाजले हो?

पॅरिसमधे सीन नदीवर पाँ नफ नावाचा पूल आहे, १६०७ मधे बांधून झालेला, आज शहरातला सगळ्यात जुना पूल तोच. फ्रेंच चित्रकार रेन्वारने १८७२ मधे त्याचं चित्र काढलं, ते हल्ली वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत असतं, पण मला चित्राइतकाच ते काढतानाचा किस्सा आवडतो.

पुलासमोरच्या एका कॅफेचा वरचा मजला त्याने पकडला, कॉफीच्या पैशात तासनतास बसायला मिळायचं. पूल, घरं, आकाश सगळं जागच्या जागी, त्यांचं काही अडत नव्हतं. अडलं ते माणसांपाशी, कारण माणसं चालू पडतात, तुम्ही कागदावर टोपी काढेपर्यंत माणूस पलीकडच्या काठाला! मग त्याने धाकट्या भावाला, एडमंडला, खाली पिटाळलं. याने येणाऱ्याजाणाऱ्याला अडवायचं, किती वाजले हो, अमुक ठिकाणी कसं जायचं, असलं काहीबाही विचारायचं, समोरचा बिचारा सांगत बसणार आणि तेवढ्यात वरती त्याचं स्केच तयार. घरातल्या धाकट्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

आणि एवढी माणसं थांबवून चित्रात कोणी थांबलंय असं वाटतच नाही! छत्र्यावाल्या बायका, शिपाई, घोडागाड्या, सगळे आपापल्या नादात. चेहरे तर जवळजवळ नाहीतच, दोनचार फटकाऱ्यांत माणूस, पण कोण घाईत आहे आणि कोण नुसतं हिंडायला आलंय ते बरोब्बर कळतं. ऊन टळटळीत आणि सावल्या काळ्या नाहीत, निळसर आहेत. उजवीकडे घोड्यावर फ्रान्सचा राजा चौथा हेन्री, ज्याच्या कारकिर्दीत पूल पुरा झाला, तो पुतळाच असल्यामुळे त्याला वेळ विचारायची गरज पडली नसणार.

जेमतेम वर्षापूर्वी, १८७१ मधे, याच शहरात कम्यूनची, म्हणजे बंडखोर पॅरिसकर आणि सरकारी फौज यांची, लढाई पेटली होती, नदीकाठचा तुइलरी राजवाडा जळला होता. चित्रात त्याचा मागमूस नाही. याला कोणी पळवाट म्हणेल, मला नाही वाटत. तेवढं सगळं होऊन गेल्यावर लोक पुन्हा बिनधास्त पूल ओलांडतायत, एवढंच काढावंसं वाटलं असेल तर त्यात गैर काय?

एडमंड स्वतः चित्रात दोनदा आहे, गवती हॅट, हातात काठी. मोबदला म्हणायचा तर हाच. पुढे हा गडी पत्रकार झाला. अनोळखी लोकांना भर रस्त्यात गाठून प्रश्न विचारायचं ट्रेनिंग भावाने फुकटात देऊन ठेवलंच होतं.