आहार विचारला, तर राजकारण का सांगता?

हा प्रश्न मला कोथरूडच्या माझ्या दवाखान्यात, नातलगांच्या लग्नात आणि व्याख्यानानंतरच्या चहाला इतक्या वेळा ऐकावा लागतो की, त्याचे उत्तर एकदा सविस्तर लिहून काढायचे ठरवले. विचारणाऱ्यांचा सूर बहुधा सौजन्याचाच असतो: "मॅडम, वजन कसं उतरवायचं तेवढं सांगा, सरकार आणि कंपन्या जाऊ द्यात." तेल आणि साखर कमी करावी, रोज चालावे, रात्री वेळेवर जेवावे, हे तर तुम्हाला ठाऊकच आहे. ते ऐकण्यासाठी मला पैसे देण्याचे कारण नाही.

पंतप्रधानांनी फेब्रुवारी 2025 च्या 'मन की बात'मध्ये खाद्यतेलाचा वापर 10 टक्क्यांनी कमी करण्याचे आवाहन केले, तेव्हा माझ्याकडे येणाऱ्यांपैकी अनेकांनी ते मला कौतुकाने ऐकवले. सल्ला योग्यच होता. मात्र त्याच वर्षी 22 सप्टेंबरपासून बिस्किटे, चॉकलेट आणि आइस्क्रीम यांवरील जीएसटी 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर, तर झटपट नूडल्स आणि फरसाण यांवरील 12 वरून 5 टक्क्यांवर आला. शीतपेयांवरचा कर चढाच राहिला, हे मान्य. त्याआधी 2022 च्या दिवाळीत आपल्या राज्य सरकारने शिधापत्रिकेवर शंभर रुपयांत जो 'आनंदाचा शिधा' दिला, त्यात रवा, चणाडाळ आणि साखर एकेक किलो होती आणि एक लिटर पामतेल होते. गरिबाघरी करंज्या तळल्या जाव्यात, याला माझा विरोध असण्याचे काही कारण नाही. परंतु कोणता जिन्नस स्वस्त करायचा आणि कोणता महागच राहू द्यायचा, हे मंत्रालयात आणि दिल्लीत ठरत असेल, तर त्याला राजकारण नाही तर काय म्हणायचे?

तरीही केवळ करांचे तक्ते वाचून मी या बाजूला आले नसते. शहरातील एका शाळेने क्रीडामहोत्सवाच्या बक्षीस समारंभात 'मुलांचा आहार' या विषयावर बोलण्यासाठी मला बोलावले होते. व्यासपीठामागच्या फलकावर शाळेच्या बोधचिन्हापेक्षा प्रायोजकाचे चिन्ह मोठे होते आणि विजेत्यांना प्रमाणपत्रासोबत एकेक चकचकीत पिशवी मिळत होती. गोळाफेकीत दुसरा आलेला आठवीतला एक स्थूल मुलगा पिशवी घेऊन पहिल्याच रांगेत, माझ्या समोर येऊन बसला आणि लगेच आत डोकावून एकेक वस्तू बाहेर काढून बघू लागला. वेफर्सचे दोन पुडे, नूडल्सची पाकिटे आणि आंब्याच्या पेयाची बाटली असा तो ऐवज होता.

माझी ओळख करून देताना एका विश्वस्तांनी त्याला उभे केले. "याच्यासारख्यांनी आज नीट ऐकायचं. काय रे, किती पोळ्या खातोस?" सभागृह हसले. प्रश्न खरोखरच विचारला आहे अशा समजुतीने मुलाने "चार" असे उत्तर दिले, आणि हशा दुप्पट झाला. पिशवी त्याने दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती. तिच्यावरची प्रायोजकाची अक्षरे सगळ्या सभागृहाला दिसत होती आणि त्यांच्याबद्दल कोणालाही काही विचारावेसे वाटले नव्हते.

मी तयार करून नेलेले भाषण बाजूला ठेवले. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2020 च्या नियमांनुसार मेद, मीठ आणि साखर यांचे प्रमाण जास्त असलेल्या पदार्थांची विक्री व जाहिरात शाळेच्या आवारात आणि आवारापासून 50 मीटरपर्यंत करता येत नाही, एवढेच मी सांगितले आणि फलकाकडे पाहिले. "मॅडम, राजकारण नको, तुम्ही डब्याचं सांगा," असे विश्वस्त ध्वनिवर्धकावरूनच म्हणाले. तेव्हा हा शब्द मी ओढून आणलेला नाही. तो तिथे मला चिकटवण्यात आला. चहाच्या वेळी त्यांनी शांतपणे विचारले, "प्रायोजक नसता तर मैदानाला जाळी कोणी बसवून दिली असती?" त्याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते आणि आजही नाही. मुलाची आई जाताना मला गाठून म्हणाली, "आम्ही पोळ्या तीनवर आणतो."

पोळ्यांवर! अमेरिकेत आहारसंशोधक केविन हॉल यांनी 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात 20 प्रौढ माणसांना संशोधन संस्थेतच ठेवून दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेले, म्हणजे कारखान्यात तयार होणारे अन्न आणि दोन आठवडे साधे अन्न दिले होते. समोर मांडलेल्या जेवणांतील साखर, मेद आणि तंतू (फायबर) सारखेच राखले होते आणि हवे तेवढे खाण्याची मुभा होती; तरी पहिल्या प्रकारात माणसे दिवसाला सुमारे 500 कॅलरी जास्त खात होती. त्यांची इच्छाशक्ती दोन आठवड्यांत बिघडली आणि पुढच्या दोन आठवड्यांत सुधारली, असे कोणी म्हणणार आहे का? आपल्यापुरती आणखी एक अडचण आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी बारीक दिसणाऱ्या भारतीय शरीरातही चरबीचे प्रमाण जास्त असते, आणि ते जन्मापासून असते, हे दाखवून दिले आहे. अशा शरीरांच्या बाजारात पाच रुपयांची पुडी गल्लोगल्ली पोहोचली आहे.

पंधरा वर्षांपूर्वीची मी हे वाचून चिडली असती. "हात तुमचा, तोंड तुमचं" हे तिचे ठरलेले वाक्य होते आणि ते ऐकून वजन उतरवलेली माणसे मला अजूनही रस्त्यात भेटतात, पेढे देतात (हो, पेढेच). तिला मी खोटी ठरवू शकत नाही. कायदा होईपर्यंत मधुमेह थांबत नाही, हे तिचे म्हणणे बिनतोड आहे. पण ज्यांना जमले नाही ती माणसे पुन्हा आलीच नाहीत, आणि तिच्या हिशेबात ती कधी धरलीच गेली नाहीत.

साखरेबद्दल बोलताना मात्र माझीही जीभ जड होते. माहेर बारामतीकडचे, माझ्या शिक्षणाची फी उसाच्या बिलातून भरली गेली. साखर आयुक्तालय पुण्यात, ऊस संशोधनाची मोठी संस्था मांजरीला, आणि कारखान्याच्या निवडणुकीतून आमदारकीकडे जाणारी वाट साऱ्या महाराष्ट्राच्या परिचयाची. या राज्यात साखर कमी खा असे सांगणारा पक्ष मी पाहिलेला नाही, आणि तसे सांगणाऱ्याला माझ्या भावानेही मत दिले नसते.

उरला वेष्टनाचा प्रश्न. चिलीने 2016 पासून 'साखर जास्त', 'मीठ जास्त' असे सांगणारे काळे अष्टकोन पुड्याच्या दर्शनी भागावर सक्तीचे केले. आपल्याकडे अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2022 च्या मसुद्यात इशाऱ्याऐवजी पदार्थाच्या एकूण गुणांनुसार तारे सुचवले गेले. त्या पद्धतीत साखरेमुळे घटलेले गुण थोडे तंतू किंवा प्रथिने घालून भरून काढता येतात. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2025 मध्ये वेष्टनावरील या चिन्हांबाबत तज्ज्ञ समितीच्या शिफारशींसाठी तीन महिन्यांची मुदत दिली आणि पुढे ती वाढवून मागितली गेली. उद्योगांना अष्टकोन नको असतात आणि तारे चालतात, यावरूनच कोणते चिन्ह कामाचे आहे ते मला कळते. अष्टकोन छापले म्हणून त्या मुलाच्या हातची पिशवी रिकामी झाली असती का, हे मात्र मी छातीठोकपणे सांगणार नाही.

तेव्हा पुढच्या खेपेला दवाखान्यात येताना आहाराची वही आणाच, पण घरात आलेल्या पुड्यांची वेष्टनेही न फेकता घेऊन या. माझ्या टेबलावर दोन्ही वाचली जातील; त्यांतले एक तुम्हाला राजकारण वाटत असेल, तर त्या भागाची फी देऊ नका.