चिप लाइट लागला आणि फॉर्मवर 'खराब हवामान' आलं

हेलिकॉप्टरमध्ये बसण्याआधीचं वजन, सुरक्षेच्या सूचना, मग पट्टे, सगळं झटपट आटोपलं. पाती फिरू लागली आणि समोर पिवळा दिवा लागला. हेडफोनमध्ये पायलटचा आवाज आला, "गिअरबॉक्सचा चिप लाइट आहे, आपण निघत नाही." दोनेक मिनिटं इंजिन थंड होऊ दिलं आणि बंद केलं.

इंजिनची ताकद पात्यांपर्यंत नेणाऱ्या मुख्य गिअरबॉक्सच्या तेलात एक चुंबकी प्लग असतो. लोखंडाचे कण त्याला चिकटले की दिवा लागतो. नुसती काळी भुकटी असली तर प्लग पुसतात, जमिनीवरच इंजिन चालवून पुन्हा तपासतात. आमच्या प्लगवर धातूची चकाकती कपची होती, म्हणजे आतला एखादा भाग तुटत असावा. इंजिन बंद पडलं तरी ऑटोरोटेशनने, म्हणजे खालून येणाऱ्या हवेवर पाती फिरती ठेवून, खाली उतरता येतं. गिअरबॉक्स जाम झाला तर पातीच थांबतात. हे इंजिनिअरने समजावलं तेव्हा मी पायलटचे मनापासून आभार मानले.

खरा त्रास काउंटरवर झाला. परताव्याच्या फॉर्मवर कारणांचे दोनच चौकोन: 'खराब हवामान' आणि 'प्रवाशाने रद्द केले'. काउंटरवरच्या बाईंनी स्वतःच हवामानावर खूण करून फॉर्म सहीसाठी पुढे केला. बाहेर लख्ख ऊन! तिकिटामागच्या अटी वाचल्या तेव्हा कळलं की हवामानामुळे रद्द झालं तर फक्त पुढची तारीख मिळते, पैसे नाहीत. मी सही केली नाही. "सगळे हेच भरतात," म्हणाल्या. मग साहेब जेवायला गेलेत, मग साहेब फोनवर आहेत. तीन तास उभा होतो. माझ्यासोबतच्या दोघांनी कंटाळून सही केली, याचं मला अजून वाईट वाटतं.

शेवटी मी इंजिनिअरलाच गाठलं. टेक लॉगमध्ये, म्हणजे हेलिकॉप्टरच्या तांत्रिक नोंदवहीत, स्नॅग (बिघाड) लिहिला की अधिकृत सहीशिवाय ते हेलिकॉप्टर उडवता येत नाही. म्हणजे खरं कारण तिथे लेखी होतंच. त्यांनी साहेबांसमोर ती नोंद उघडून दाखवली. तेव्हा कुठे फॉर्मवर हाताने 'तांत्रिक बिघाड' लिहून शिक्का मिळाला. पैसे पूर्ण परत आले.

तेव्हा अटी तिकीट काढतानाच वाचा, आणि चुकीच्या कारणाखाली सही करू नका. फॉर्म देण्याआधी त्याचा फोटो काढा. हो, आणि चढताना त्यांनी काढून घेतलेला बोर्डिंग पास उतरल्यावर लगेच मागून घ्या. तो नाही म्हणून मला रांगेतून एकदा परत पाठवलं होतं.