आधी आर्किटेक्ट, मग ठेकेदार

गावच्या प्लॉटवर घर बांधायचंय, म्हणून आज तिथं ठेकेदार आले होते. "नकाशा कशाला? स्क्वेअर फुटाचा दर ठरवा, चावी घ्या." त्या दरात सेप्टिक टँक, पाण्याची टाकी, कंपाउंड धरलंय का? तर "ते वेगळं."

संध्याकाळी दादा आणि मी आर्किटेक्ट मॅडमकडे गेलो. त्यांनी बोलता बोलता पेन्सिलीनं पॅसेजच काढून टाकला, स्वयंपाकघर नि बाथरूम एकाच भिंतीला पाठीला पाठ लावून बसवलं. पाइपाचा खर्च तिथंच वाचला. वास्तुविशारद लॉरी बेकरांनी केरळात रुजवलेली रॅट ट्रॅप बाँड या वीटरचनेची भिंतही सुचवली: विटा कडेवर उभ्या, मध्ये पोकळी, साधारण २५ टक्के विटा कमी.

दादाला फी जड वाटतेय. मला मनापासून पटली. बांधणार ठेकेदारच, पण नकाशा हातात ठेवून आणि प्रत्येक बाबीचा दर लिहून घेऊन.