अंग उबदार ठेवा

बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ या विज्ञानकथा मालिकेचा नायक ‘डॉक्टर’ एकामागून एक अनेक नटांनी रंगवला; त्यातला पहिला म्हणजे विल्यम हार्टनेल. त्याचा निरोपाचा भाग २९ ऑक्टोबर १९६६ च्या शनिवारी लागला. आज तो कुणालाच जसाच्या तसा बघता येत नाही. ‘द टेन्थ प्लॅनेट’ या कथेचे भाग चार. पहिले तीन शाबूत, चौथा बेपत्ता. त्या काळी व्हिडिओ टेप महाग, जुने भाग पुन्हा दाखवायला कलाकारांच्या करारांची आडकाठी, आणि लोक पुढे घरी बसून हवा तो भाग बघतील हे कुणाच्या गावीही नव्हतं. मग टेप पुसायची आणि तिच्यावर दुसरं काहीतरी घ्यायचं, असा सरळ हिशेब. परदेशी विकण्यासाठी काढलेल्या फिल्मच्या प्रतीही नंतर निकालात निघाल्या.

त्यामुळे मी हा भाग बघतो तो असा: आवाज १९६६ चा, चित्रं २०१३ ची. तेव्हाच्या काही हौशी पोरांनी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून संवाद भरून घेतले होते. त्या आवाजावर पुढे डीव्हीडीसाठी अ‍ॅनिमेशन चढवलं. रेषांमधला हार्टनेल मला काही रुचत नाही. डोळे मिटले की मात्र म्हातारा हजर होतो. तोच चिरका स्वर, वाक्याच्या शेवटी तोच ‘हं?’.

म्हातारा म्हणायचं खरं, पण वय ५८. पांढरे केस टोपाचे. आपल्याकडे त्या वयात माणूस शाल-श्रीफळ घेऊन निवृत्त होतो आणि पुढच्याच रविवारी ट्रेकला निघतो. हार्टनेलने त्याआधी सिनेमांतून खेकसणारे सार्जंट आणि दणकट दांडगोबा रंगवले होते. १९६३ मध्ये हे विक्षिप्त आजोबांचं काम मिळालं आणि पोरंटोरं त्याच्यावर लुब्ध झाली. मग धमन्यांच्या आजाराने गाठलं. पाठांतर हातचं सुटायला लागलं. चित्रण जवळजवळ नाटकासारखं सलग चालायचं, टेप कापून जोडणं परवडायचं नाही, त्यामुळे अडखळणं तसंच प्रक्षेपित व्हायचं. एकदा ‘स्पेस’ म्हणायचं होतं, तोंडून ‘स्पेन’ निघालं. गड्याने तिथल्या तिथे सावरलं आणि गाडी पुढे नेली. मला ती चूक फार आवडते. चुकलेलं वाक्य न डगमगता पूर्ण करायला दम लागतो.

निर्मात्यांपुढे पेच होता. मालिका चालते आहे, नायकाला झेपत नाही. आपल्याकडच्या मालिकांत अशा वेळी सोमवारी एक नवा चेहरा जिन्यावरून खाली येतो, सासूबाई त्याला जुन्याच नावाने हाक मारतात आणि घरातल्या एकालाही काही खटकत नाही. नाटकवाले याला सरळ ‘रिप्लेसमेंट’ म्हणून मोकळे होतात. बीबीसीने मात्र रिप्लेसमेंटच कथेत घेतली. डॉक्टर परग्रहावरचा, मग त्याचं शरीर झिजल्यावर नवं का होऊ नये? पुढे या युक्तीला ‘रीजनरेशन’ असं भारदस्त नाव मिळालं, पण तेही १९७४ मध्ये. १९६६ मध्ये ती निव्वळ निभावून नेण्याची गोष्ट होती.

आणि निभावून नेणं तरी किती! तिसऱ्या भागाच्या आठवड्यात हार्टनेल आजारी पडला. घाईघाईने संहिता बदलली; डॉक्टर कोसळतो, निपचित पडून राहतो, त्याची वाक्यं साथीदार बेनच्या तोंडी. आज कथा सलग बघताना वाटतं, शेवटाची काय सुरेख पूर्वतयारी केली आहे! तयारी कसली, माणूस अंथरुणाला खिळला होता. चौथ्या भागात डॉक्टर स्वतःच म्हणतो, की हे जुनं शरीर आता थोडं विरत चाललंय. हे वाक्य पात्राचं किती आणि नटाचं किती, हे मी ठरवायच्या फंदात पडत नाही.

नंतरच्या डॉक्टरांचे निरोप म्हणजे सोहळे. टॉम बेकर १९८१ मध्ये दुर्बिणीच्या मनोऱ्यावरून पडतो, तेव्हा जुने शत्रू आणि जुने साथीदार त्याच्या डोळ्यांपुढून रांगेने जातात. डेव्हिड टेनंट तर मरायच्या आधी सगळ्यांना एकेकदा भेटून येतो. चांगलं असतं ते, रडूही येतं. पण हार्टनेलला भाषण नाही, आठवणींची मिरवणूक नाही. कथा दक्षिण ध्रुवावर घडते. बेन त्याच्या अंगावर झगा घालतो, तो बरं वाटलं म्हणतो आणि सांगतो, अंग उबदार ठेवा. एवढंच त्याचं शेवटचं बोलणं. थंडीत बाहेर पडणाऱ्या पोरांना कोणताही आजोबा हेच सांगेल. मग तो आपल्या यानापर्यंत पोचतो आणि जमिनीवर कोसळतो.

चेहरा बदलण्याचं दृश्य तेवढं वाचलं, जेमतेम अर्धा मिनिट. १९७३ मध्ये ‘ब्लू पीटर’ या मुलांच्या कार्यक्रमात ते दाखवलं होतं, म्हणून. कॅमेऱ्यांची चित्रं मिसळणाऱ्या, म्हणजे व्हिजन मिक्सर, शर्ली कावर्डने बिघडलेल्या मिक्सिंग डेस्कचा फायदा उठवून चेहरा पांढऱ्या झोतात विरघळवला आणि तिथे दुसरा डॉक्टर, पॅट्रिक ट्राउटन, उगवला. गंमत म्हणजे ट्राउटनच्या पहिल्या कथेचे सहाच्या सहा भागही गहाळ. अलीकडचं नाही, पलीकडचं नाही, मधला उंबरठा तेवढा जागेवर.

हार्टनेल नंतर एकदाच परतला, १९७२-७३ मधल्या ‘द थ्री डॉक्टर्स’मध्ये. तब्येत इतकी खालावलेली की बहुतेक वेळ बसूनच, फलकावर लिहिलेले संवाद वाचत काम केलं. तो यानातल्या पडद्यावर दिसतो, आणि पडद्यापुढे त्याच्या जागी आलेले दोघं उभे, ट्राउटन आणि जॉन पर्ट्वी. म्हातारा त्यांना आपादमस्तक न्याहाळतो आणि म्हणतो, अच्छा, म्हणजे माझ्या जागी हे आले तर, एक छैलछबिला आणि एक विदूषक!