पावसाळा, ओली गी आणि साईड कंट्रोल

मी ब्राझिलियन जिउ-जित्सू शिकते. यंदा जूनमध्ये पाऊस लागला तेव्हाच ठरवलं होतं, गणेश चवथीपर्यंत नवीन सबमिशन (समोरच्याला हार मानायला लावणारी पकड) एकही शिकायचं नाही. काम एकच: साईड कंट्रोलमधून, म्हणजे वरचा माणूस छातीवर आडवा दाबून बसतो त्या स्थितीतून, सुटायचं. माझं वजन ५५ किलो आणि म्हापशाच्या आमच्या क्लासमधले बहुतेक पार्टनर पंचाहत्तरीच्या वरचे. गार्ड, म्हणजे पाठीवर पडून पायांनी समोरच्याला अडवणं, कितीही चांगला केला तरी कधी ना कधी तो पास होणारच, म्हणजे समोरचा पाय ओलांडून येणारच. मग पास झाल्यावर पुढे काय, हा प्रश्न माझ्यासाठी बाकी सगळ्याच्या आधी येतो. पांढऱ्या पट्ट्यावरच्या, विशेषतः हलक्या वजनाच्या मुलींच्या उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहिते आहे.

वरचा माणूस छातीवर आडवा पडला की आपले हात आपोआप त्याला ढकलायला जातात. तळव्यांनी ढकललं की हात सरळ होतो, आणि सरळ झालेला हात म्हणजे आर्मबारला (कोपर उलटं ताणणाऱ्या पकडीला) आमंत्रण. फ्रेम, म्हणजे हाताच्या हाडाचा टेकू, करायची ती कोपर ते मनगट या भागाने. लांबचा हात त्याच्या मानेला आडवा, जवळचा त्याच्या कमरेच्या हाडाशी. ढकलताना दंडाची ताकद खर्च होते. हाड नीट बसलं की त्याचं वजन माझ्या खांद्यातून खाली मॅटमध्ये उतरतं आणि मला श्वास घ्यायला मिळतो. मग ब्रिज, म्हणजे पाय रोवून कंबर वर उचलणं. ब्रिज मारून त्याला उलथवायचं नसतं, फक्त इंच-दोन इंच जागा काढायची असते. तो पुन्हा खाली बसायच्या आत श्रिंप करून, म्हणजे कुशीवर वळून, कंबर मागे न्यायची आणि त्या फटीत गुडघा घालायचा. गुडघा आत गेला की गार्ड परत मिळालाच म्हणून समजा.

मला खरा फरक जाणवला तो जवळच्या हाताच्या कोपरामुळे. मुरलेला माणूस आधी त्या कोपराखाली गुडघा सारतो आणि हात डोक्याच्या दिशेने वर सरकवतो. कोपर बरगडीपासून सुटलं की फ्रेमही गेली आणि माउंटचा (पोटावर स्वार होऊन बसण्याचा) रस्ताही मोकळा झाला. म्हणून आता गार्ड पास होतोय असं दिसल्याबरोबर, तो अजून छातीवर यायचा असतानाच, मी कोपर बरगडीला चिकटवते. फ्रेम त्याच्या आधी तिथे हवी. तो पूर्ण बसल्यावर तेच काम तिप्पट जड होतं.

सर आठवड्यातून एकदा राउंडची सुरुवातच साईड कंट्रोलखालून करायला लावतात. सुटलं की पुन्हा तिथेच पडायचं. कंटाळवाणं वाटेल, पण नेहमीच्या रोलमध्ये (मोकळ्या सराव-लढतीत) ही जागा इतक्या वेळा वाट्याला येतच नाही.

या कामाला गुण मिळत नाहीत. आयबीजेजेएफ या जिउ-जित्सूच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांत गार्ड पासला ३, माउंटला ४, स्वीपला (खालून वरच्याला उलथवून वर येण्याला) २ गुण. खालून सुटून नुसता गार्ड परत मिळवला तर शून्य. स्पर्धेच्या तयारीत असलेली मुलं म्हणूनच हा सराव टाळतात, आणि मला ते अजिबात पटत नाही. माझ्या मते या खेळाचं वेगळेपणच इथे आहे. कुस्तीत दोन्ही खांदे मातीला लागले की निकाल लागला. ज्युडोत २० सेकंद दाबून धरलं की इप्पॉन, म्हणजे थेट विजय. त्याच ज्युडोतला मित्सुयो माएदा १९१४ साली ब्राझीलला पोचला आणि त्याच्या शिकवणीतून ग्रेसी घराण्याने जे वाढवलं, त्यात पाठीवर पडलेल्या माणसाचा डाव चालूच राहतो.

क्लासमध्ये चंदगडकडचा एक मुलगा आहे, लहानपणापासून तालमीत घडलेला. पट काढायला (पाय धरून पाडायला) बसला की त्याला अडवणारा इथे कुणी नाही. पण पाठ टेकतेय असं वाटलं की तो झटक्यात पालथा होतो, कारण अंगात तेच भिनलेलं आहे. कुस्तीत ते बरोबरच. इथे मात्र मागून पाय अडकवले की ४ गुण आणि पाठोपाठ गळ्याभोवती हात. सर कडेवरून ओरडतात, "फाट दिवं नाका!" (पाठ देऊ नको!) मी त्याच्याकडून पट शिकते, तो माझ्याबरोबर पाठीवर पडून फ्रेम घोटतो. परवा त्याने पालथं न होता दोनदा गार्ड परत मिळवला, तेव्हा अख्ख्या क्लासने टाळ्या वाजवल्या.

आता पावसाळ्याबद्दल. जुलैत गी (सरावाचा जाड सुती पोशाख) दोन दिवस पंख्याखाली ठेवली तरी कॉलर आतून दमटच राहते, कारण तिथे कापडाचे थर जास्त. कुबट वास येणारी गी घालून मॅटवर येऊ नये, त्यापेक्षा त्या दिवशी अंगाला घट्ट बसणाऱ्या रॅश गार्डवर, गी न घालता, नो-गी करावं. नो-गीत घामाने फ्रेम निसटतात, पण कंबर सरकवणं सोपं जातं, म्हणजे सराव वाया जात नाही. माझ्याकडे दोन गी आहेत आणि घरी पोचल्याबरोबर धुणं हा नियम आहे, मग रात्रीचे दहा वाजलेले असोत.

गजकर्णाचं मात्र कळकळीने सांगते. चट्टा दिसला की क्लास बंद आणि थेट त्वचेचा डॉक्टर. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने ट्यूब आणू नका. त्यातल्या बऱ्याच मलमांत स्टेरॉइड असतं. खाज थांबते, चट्टा फिका पडतो आणि बुरशी आत पसरत राहते. मग आपण बरे झालो समजून मॅटवर येतो आणि सगळ्यांना देतो. आमच्याकडे क्लासच्या आधी आणि नंतर मॅट जंतुनाशकाने पुसतात, आणि मॅटच्या कडेला चपला काढल्याशिवाय कुणी पाय ठेवत नाही. बाथरूमला अनवाणी जाणाऱ्याला सर त्या दिवशी रोल करू देत नाहीत. मला हे फार आवडतं.

चवथीला क्लास बंद. मीही पेडण्याला घरी असेन. माटोळी, पाहुणे, नेवऱ्या यांत मॅटची आठवण यायलाही सवड नसते. श्रिंप मात्र पडवीत सतरंजी घालून रोज करणार आहे, त्याला पार्टनर लागत नाही.

परतल्यावर नॉर्थ-साउथमधून (वरचा माणूस डोक्याच्या बाजूने येऊन छातीवर दाबतो त्या स्थितीतून) सुटणं घ्यायचं आहे. तिथे मानेवरची फ्रेम लागतच नाही आणि जड माणूस छातीवर सरकला की दोन्ही कोपरं वर जातात. मी सध्या दोन्ही हात त्याच्या कमरेशी लावून पाय झुलवते आणि बाजूला वळते, पण ऐंशी किलोच्या वर ते चालत नाही. हलक्या वजनात कुणाला ते जमलं असेल, तर हात नेमके कुठे लावता तेवढं सांगा.