ओठ चाटणारी घोडी

"बघा, ऐकायला लागली!" गोल कुंपणाच्या मधोमध उभा ट्रेनर म्हणाला. घोडी ओठ चाटत होती, रिकामंच तोंड चघळत होती. कठड्याला टेकलेली मंडळी खूश.

माझी नजर तिच्या नाकपुड्यांवर. फुललेल्या, वर सुरकुती. एक कान सतत दोरीच्या टोकाकडे.

मॉन्टी रॉबर्ट्स या अमेरिकी घोडे-प्रशिक्षकाच्या 'जॉइन-अप' पद्धतीत (गोल कुंपणात घोड्याला न मारता आपणहून माणसाकडे यायला लावायचं) हे चाटणं-चघळणं घोडा ऐकायला तयार झाल्याचं लक्षण मानतात. पण ताण ओसरायला लागला की घोडा बऱ्याचदा हेच करतो. म्हणजे त्याआधी ताण असण्याची शक्यता बरीच.

चाबूक नव्हता, हे चांगलंच. मारझोडीपेक्षा शंभरपट बरं. पण दोरी फिरवत पळवत ठेवायचं आणि ती आपल्याकडे वळली की थांबायचं, हाही दाबच की! घोडा शिकतो तो दाब सुटतो त्या क्षणी. सोडायला जरा उशीर झाला की भलतंच शिकून बसतो. (मऊ आवाजात बोललं म्हणून हे बदलत नाही.)

आणि गोल कुंपणातून निघून जायची सोय कुठे असते? फाटक उघडं ठेवून हेच कुणी करून बघितलंय का? घोडे सांभाळणाऱ्यांनो, सांगा ना.