मिटन सगळ्यांत शेवटी

आधी स्नो पँट, मग बूट, मग जॅकेट, मग टोपी आणि मिटन सगळ्यांत शेवटी. हा क्रम माझ्या लेकीने शाळेच्या दुसऱ्याच दिवशी घरी येऊन मला शिकवला. मिटन म्हणजे चार बोटांना मिळून एक खोली आणि अंगठ्याला वेगळी, असा जाड हातमोजा. तो आधी चढवला की जॅकेटची चेन हातात धरता येत नाही. बूट आधी घातले तर त्यावरून स्नो पँट जात नाही. एक पायरी चुकली की सगळं काढून पुन्हा पहिल्यापासून, आणि तोवर मधली सुट्टी अर्धी संपलेली असते.

आम्ही पुण्याहून अमेरिकेच्या उत्तरेकडच्या मिनेसोटा राज्यात आलो ते नोव्हेंबर २०२२ मध्ये. घर सेंट पॉल शहराला लागून असलेल्या एका उपनगरात, शाळा तिथली सरकारी, बालवर्गापासून पाचवीपर्यंतची. लेक दुसरीत. पहिल्या दिवशी तिच्या अंगात पुण्यातला सगळ्यांत जाड स्वेटर होता, त्यावर एक जॅकेट आणि आजीने विणलेली कानटोपी. मला वाटलं, झालं की! ऑफिसातल्या बाईंनी तिच्याकडे एकदा पाहिलं, कपाट उघडलं आणि एक जांभळी स्नो पँट, बूट आणि मिटनची जोडी काढून टेबलावर ठेवली. हे असं कपाट इथल्या अनेक शाळांत असतं. ज्यांची मुलं वाढली ते कपडे आणून देतात, ज्यांना लागतात ते नेतात. कुठे सही नाही, कुणी काही विचारत नाही. मी पैशांचं विचारलं तर बाई म्हणाल्या, "तिला लहान झाली की परत आणा." ती जांभळी पँट आम्ही एप्रिलमध्ये धुऊन परत दिली, सोबत आणखी दोन घेऊन गेलो.

उणे तापमानात मुलांना खेळायला बाहेर काढतात हे मी माझ्या आईला फोनवर सांगितलं, तेव्हा ती कितीतरी वेळ गप्पच झाली. आमच्या शाळेचा नियम असा, की वाऱ्यासकट जाणवणारी थंडी शून्य फॅरनहाइटच्या खाली गेली तरच मुलं आत बसतात. शून्य फॅरनहाइट म्हणजे उणे अठरा सेल्सिअस. त्याच्या वर असेल तर सगळे बाहेर. बर्फाच्या ढिगावर चढायचं, घसरायचं, किल्ले करायचे. आपली मुलं दिवाळीत मातीचे किल्ले करतात, तसेच इथे बर्फाचे, आणि तेवढ्याच जिवाभावाने. शाळा बंद ठेवावी लागते अशी थंडीही येते. २०१४ साली ६ जानेवारीला तेव्हाचे गव्हर्नर मार्क डेटन यांनी केवळ थंडीमुळे राज्यातल्या सगळ्या सरकारी शाळांना सुट्टी दिली होती. ती आठवण इथले लोक अजूनही सांगतात.

बालवर्गाच्या वर्गाबाहेर मी एकदा पाहिलं ते विसरणार नाही. वीसेक मुलांनी आपापली जॅकेटं जमिनीवर पसरली, आतली बाजू वर, गळा स्वतःच्या पायांकडे. मग सगळी वाकली, दोन्ही हात बाह्यांत घातले आणि एकदम हात डोक्यावरून मागे नेले. जॅकेट आपोआप पाठीवर! मोठ्या माणसाची मदत लागली ती फक्त चेनपुरती. वर्गात बाई एकच, चेना वीस, म्हणून त्या वेळेला दोन-तीन पालक रोज तिथे हजर असतात. जानेवारीपासून मंगळवारी मी जायला लागले. परक्या देशात माझं पहिलं काम कुठलं, तर वीस चेना लावायच्या.

हे सविस्तर सांगते, कारण इथला हिवाळा माणसाला एकटं पाडतो. डिसेंबरमध्ये पावणेआठला उजाडतं आणि साडेचारला दिवस मावळतो. रस्त्यावर चिटपाखरू नसतं. गॅलरीतून हाक मारावी अशी गॅलरी नाही, कोपऱ्यावर वाणी नाही, भाजीवाली नाही. शेजाऱ्यांची गाडी गॅरेजमधून निघते आणि गॅरेजमध्येच परत जाते. त्यात तो पहिलाच हिवाळा नव्वद इंच बर्फाचा, मिनियापोलिस आणि सेंट पॉल या जुळ्या शहरांच्या नोंदींतला तिसऱ्या क्रमांकाचा. अशा दिवसांत माणसं एकत्र दिसण्याची आमच्यासाठी एकच जागा होती, ती म्हणजे शाळा. आणि शाळेलाही हे पक्कं ठाऊक असावं, कारण डिसेंबर ते मार्च संध्याकाळी काही ना काही घडत राहतं.

आपल्याकडे थंडी म्हणजे गॅदरिंग. निकालाच्या आधीचे ते सोन्याचे दिवस, भाड्याने आणलेले नऊवारी पोशाख, मेकअप करणाऱ्या मावश्या, माईकची कुई. इथला डिसेंबरचा गाण्यांचा कार्यक्रम जिमच्या हॉलमध्ये झाला. पायऱ्यापायऱ्यांच्या फळ्यांवर अख्खी दुसरी उभी, पांढरे शर्ट, पियानोवर संगीताच्या बाई, पंचवीस मिनिटांत कार्यक्रम संपला. कुणी एकटं गायलं नाही, कुणाला बक्षीस नाही. गाणी बर्फाची, दिव्यांची, थंडीची. मुलं निरनिराळ्या धर्मांची आणि देशांची, सगळ्यांना तोंड भरून म्हणता येतील अशीच गाणी निवडलेली. मला सुरुवातीला हे फारच सपक वाटलं. मग लक्षात आलं, की मागच्या रांगेत ढकललेलं मूल इथे एकही नव्हतं. गॅदरिंगला मी तीन वर्षं झाडाच्या भूमिकेत उभी होते, त्यामुळे हे मला जरा जास्तच लागलं. तरी गॅदरिंगचा जल्लोष तो जल्लोषच, त्याची भूक इथे भागत नाही.

संक्रांत आली. मी हौसेने तीळ भाजले, गूळ आणायला भारतीय दुकानात जाऊन आले, सव्वीस वड्या वेगवेगळ्या पुड्यांत बांधल्या. वर्गात जाण्याआधी बाईंना कळवलं, तर उत्तर आलं की तीळ आणि शेंगदाणे वर्गात आणता येणार नाहीत. एका मुलाला तिळाची तीव्र ॲलर्जी होती. अमेरिकेत खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर छापायलाच हव्यात अशा ॲलर्जीच्या पदार्थांच्या यादीत तीळ नववा, आणि तो नियम नेमका त्याच १ जानेवारी २०२३ पासून लागू झाला होता. कारण पटलं, तरी त्या संध्याकाळी पुड्या सोडताना डोळे भरून आले. ज्या पदार्थाने आपण माणसं जोडतो, तोच एखाद्या लेकराच्या जिवावर उठू शकतो, हे मनात कुठे ठेवायचं तेच कळेना. शेवटी लेकीने सव्वीस कागदी पतंग कापले. त्यावर इंग्रजीत लिहिलं, "गोड बोल". काळे कपडे घालून गेली आणि काळा रंग ऊन धरून ठेवतो, म्हणून आम्ही आज काळं घालतो, असं वर्गाला सांगून आली. थंडीतला सण थंडीच्या गावातल्या मुलांना लगेच समजला.

त्यानंतर महिन्याभरातच फेब्रुवारीचा व्हॅलेंटाइन आला. हा दिवस माझ्या डोक्यात कॉलेजचा, गुलाबांचा. इथे प्राथमिक शाळेत त्याचं रूपच वेगळं आहे. बाई वर्गातल्या सगळ्या मुलांच्या नावांची यादी घरी पाठवतात आणि नियम एकच असतो, कार्ड द्यायचं तर सगळ्यांना द्यायचं. बुटांच्या रिकाम्या खोक्याला रंगीत कागद लावून वर फट ठेवायची, म्हणजे प्रत्येकाची टपालपेटी तयार. लेक दोन संध्याकाळी बसून नावं लिहीत होती. एका नावापाशी थांबली. त्या मुलाने तिचा बर्फाचा किल्ला लाथ मारून पाडला होता. "ह्याला पण?" मी म्हटलं, संक्रांतीला आपण काय करतो? भांडण झालेल्या घरी तिळगूळ आधी नेतो ना? तिने ओठ घट्ट मिटून ते नाव लिहिलं. अक्षर मात्र सगळ्या यादीत त्याचंच वाकडं आलं.

सगळ्यांत आवडला तो स्केटिंगचा संध्याकाळचा मेळा. इथली गावं हिवाळ्यात बागांतल्या मैदानांवर पाण्याचे थर सोडतात, रात्रीच्या थंडीत ते एकावर एक गोठतात, आणि गावाला फुकट बर्फाचं अंगण मिळतं. शेजारी एक लहान गरम खोली असते, बाकं आणि रबरी जमीन असलेली, तिथे बसून स्केट बांधायचे. स्केटची नाडी ओढण्याची एक रीत आहे. बोटांपाशी सैल, घोट्यापाशी करकचून आणि वर पुन्हा जरा सैल. घोटा सैल राहिला की पाय आत वाकतो आणि मूल पडतं. एक निवृत्त आजोबा गुडघ्यावर बसून एकामागून एक मुलांच्या नाड्या आवळत होते. त्यांची नातवंडंसुद्धा आता कॉलेजात आहेत, तरी ते दरवर्षी येतात. नवशिक्या मुलांना दुधाची प्लास्टिकची खोकी पुढे ढकलत चालायला देतात, तोल सांभाळायला. लेक खोकं ढकलत तिसरी फेरी मारून आली, तेव्हा तिच्या पापण्यांवर दव गोठलं होतं.

मी हॉट चॉकलेटच्या टेबलावर होते. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या बाई मूळच्या सोमालियाच्या. अमेरिकेतल्या सोमाली लोकांची सगळ्यांत मोठी वस्ती मिनेसोटातच आहे. त्यांनी आपल्या पिशवीतून थर्मास काढला, झाकणात ओतून माझ्यापुढे धरला. वेलची, दालचिनी, लवंग, दूध. "शाह," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "चहा." दोघी हसलो. तीन महिन्यांत कुणीतरी आयता करून दिलेला तो माझा पहिला चहा. तेव्हापासून मंगळवारी आम्ही जेवणाच्या हॉलमध्येही जोडीने जातो, लहानांना दुधाचे छोटे पुठ्ठ्याचे डबे उघडून देतो. त्याच मार्चमध्ये, १७ तारखेला, मिनेसोटाने कायदा करून शाळेत सगळ्या मुलांना नाश्ता आणि जेवण मोफत केलं. ही बातमी मी आईला सांगितली. ती कराडजवळ जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. शाळेतल्या खिचडीचा हिशोब तिने वर्षानुवर्षं ठेवलेला आहे. ती लगेच म्हणाली, "आपल्याकडे पंच्याण्णव सालीच सुरू झालंय. तिथे आत्ता?" तिच्या आवाजातला अभिमान मला फार हवासा वाटला.

दुसरा हिवाळा, म्हणजे २०२३-२४ चा, राज्याच्या नोंदींतला सर्वांत उबदार ठरला. मैदानावर पाणी सोडलं ते गोठेना. स्केटिंगचा मेळा रद्द झाला आणि आजोबा शाळेत येऊन नुसतेच बसून गेले. सेंट पॉलला १८८६ पासून हिवाळ्याचाच उत्सव भरतो, या लोकांना बर्फ नसणं म्हणजे आपल्याकडे पाऊस न पडण्यासारखं आहे. मी पहिल्या वर्षी ज्या बर्फाला वैतागले होते, त्याची वाट आता मीही पाहत होते.

मेळ्याऐवजी शाळेने जानेवारीत घरोघरच्या संस्कृतींची संध्याकाळ ठेवली. शाळेच्या सूचना इंग्रजीखेरीज स्पॅनिश, सोमाली आणि ह्माँग (लाओसच्या डोंगरांतून आलेल्या लोकांची) भाषांत निघतात, तेवढीच टेबलं तरी हवीत ना. पदार्थांपुढे चिठ्ठी लावून त्यात काय-काय आहे ते लिहायचं होतं. माझी सोमाली मैत्रीण हलवो घेऊन आली, साखर, तूप, वेलची, जायफळ. चव घेतली आणि नावाचा उलगडा वेगळा करायची गरजच उरली नाही. पलीकडे एक ह्माँग आजी भरतकामाचं कापड उलगडून बसल्या होत्या. निळ्या कापडावर दोऱ्याने माणसं, घरं, विमानं आणि मधून वाहणारी एक नदी. १९७५ नंतर लाओसमधून पळून मेकाँग ओलांडून थायलंडमध्ये गेलेल्यांची ती गोष्ट. आजींना इंग्रजी येत नाही. त्या नदीवर बोट ठेवत, मग स्वतःच्या छातीवर. टेबलाभोवतीची मुलं एकदम शांत झाली. त्या कापडासमोर मी बराच वेळ उभी होते. माझं स्थलांतर विमानाच्या तिकिटाचं, सामानाच्या वजनाचं. ते त्यांच्या पंक्तीत बसवायची माझी हिंमत झाली नाही.

आमच्या टेबलावर खायचं काही ठेवलं नाही. काळी चंद्रकळा नेसून मी मुलांची नावं देवनागरीत लिहून देत होते. आधी अक्षरं लिहायची आणि शेवटी डोक्यावरून रेघ ओढायची. ती रेघ मुलांना भारी आवडली. "आता ती सगळी एकत्र लटकली," एक मुलगा म्हणाला. रांग दारापर्यंत गेली. असं म्हणणारा मुलगा तोच, किल्ला पाडणारा. तो दोनदा रांगेत लागला, एकदा स्वतःच्या नावासाठी आणि एकदा त्याच्या कुत्र्याच्या.

मार्च संपता संपता, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, धो-धो बर्फ पडला. शाळेच्या मैदानावर दोन दिवस धुमाकूळ. त्यात लेकीच्या मिटनपैकी एक हरवला. शाळेच्या दारात हरवलेल्या वस्तूंचं टेबल असतं, त्यावर मार्चमध्ये नुसते एकेकटे मिटन पडलेले दिसतात, शंभरएक तरी. मी शुक्रवारी शोधायला गेले. अर्धं टेबल उपसून झालं तोच मागून कुणीतरी जॅकेट ओढलं. तो किल्लेवाला. हातात ओला निळा मिटन. आतल्या पट्टीवर मी सवयीने इंग्रजी नावाखाली मराठीतही नाव लिहिलं होतं. इंग्रजी अक्षरं पाण्याने पुसून गेली होती.

"हा तुमचाच," तो म्हणाला, "वर रेघ आहे."